परीक्षा इंग्रजीत, तयारी मराठीत

सीमाभागातील मराठी शाळांच्या घटत्या पटाविषयी बोलताना आपण शासनाची भाषानीती, फलकांची सक्ती, परिपत्रकांची भाषा यांची चर्चा करतो. ती व्हायलाच हवी. परंतु मुलाला मराठी शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घालणाऱ्या पालकाच्या मनात त्या क्षणी यांपैकी काहीही नसते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले मूल पुढे कशावर पोट भरणार, एवढाच प्रश्न त्याला छळत असतो. व्यासपीठावरील भाषणाने या प्रश्नाचे समाधान होत नाही. एखादा नेमका व्यवसाय आणि त्याची एखादी नेमकी परीक्षा घेऊन, मराठीतून शिकलेला मुलगा किंवा मुलगी ती कशी पार करू शकते, हे दाखवून द्यावे लागते.

या लेखापुरते मी असे एक उदाहरण घेतो. ते आहे संगणक-तंत्रज्ञाच्या व्यवसायात पहिले पाऊल टाकणाऱ्यांसाठी असलेल्या प्रमाणपत्र परीक्षेचे. या क्षेत्रात जगभर ओळखली जाणारी अशी परीक्षा म्हणजे अमेरिकेतील कॉम्पटिया या संस्थेची 'ए प्लस'. तिची तयारी सीमाभागातील विद्यार्थ्याने कोणत्या भाषेत करावी, हा या लेखाचा विषय आहे. माझे मत आरंभीच सांगतो. परीक्षा इंग्रजीत द्यावी, संज्ञा इंग्रजीच ठेवाव्यात, परंतु समजून घेण्याचे सारे काम मराठीतून करावे. यात भाषाप्रेम आहेच. पण त्याहून अधिक व्यवहार आहे.

परीक्षेचे स्वरूप

ए प्लस ही परीक्षा १९९३ पासून चालत आलेली आहे. तिचे दोन भाग असून प्रमाणपत्रासाठी दोन्ही उत्तीर्ण व्हावे लागतात. सध्याचा अभ्यासक्रम मार्च २०२५ मध्ये लागू झाला. प्रत्येक भागात जास्तीत जास्त ९० प्रश्न आणि ९० मिनिटे वेळ असतो. गुण १०० ते ९०० या पट्टीवर दिले जातात. उत्तीर्ण होण्यासाठी पहिल्या भागात ६७५ आणि दुसऱ्या भागात ७०० गुण लागतात. दोन्ही भागांचे शुल्क स्वतंत्रपणे भरावे लागते आणि ते सामान्य कुटुंबाला जड आहे. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते.

पहिल्या भागात मोबाइल उपकरणांना १३ टक्के, नेटवर्कला २३ टक्के, यंत्रसामग्रीला २५ टक्के, व्हर्च्युअलायझेशन व क्लाउडला ११ टक्के आणि यंत्रसामग्री व नेटवर्कमधील दोषशोधनाला २८ टक्के वाटा आहे. दुसऱ्या भागात ऑपरेटिंग सिस्टीमला २८, सुरक्षेला २८, सॉफ्टवेअरमधील दोषशोधनाला २३ आणि कामकाजाच्या रीतीला २१ टक्के. या आकड्यांत एक गोष्ट ठळक दिसते. दोन्ही भागांत मिळून 'बिघाड कसा शोधावा' या एका कौशल्याला निम्मा नाही, तरी चौथ्या हिश्शाहून अधिक वाटा आहे. बिघाड शोधणे ही तर्काची क्रिया आहे. ती पाठ करता येत नाही, आणि माणूस ज्या भाषेत तर्क करतो त्या भाषेपासून ती वेगळीही काढता येत नाही.

ही परीक्षा इंग्रजीखेरीज जर्मन, जपानी, पोर्तुगीज, स्पॅनिश अशा मोजक्या भाषांत देण्याची सोय त्या संस्थेने वेळोवेळी केलेली आहे. त्या यादीत भारतीय भाषा आढळत नाही. आपल्याकडे २०१७ पासून 'नीट' आणि २०२१ पासून 'जेईई मेन' मराठीत देता येते. डॉक्टर आणि अभियंता होण्याच्या प्रवेशद्वारावर मराठी पोहोचली, कारण त्या परीक्षा देशातील यंत्रणेच्या हाती होत्या. खासगी परदेशी संस्थेकडून तसे घडेपर्यंत आपल्या मुलांनी थांबून राहावे, असे कोणीही सुचवणार नाही.

महाराष्ट्रात २००१ पासून चालू असलेल्या एमएस-सीआयटीमुळे असंख्य लोक मराठीतून संगणक वापरायला शिकले. परंतु तो अभ्यासक्रम संगणक वापरणाऱ्यासाठी आहे. येथे प्रश्न संगणक दुरुस्त करणाऱ्याचा आहे. ज्यांना ए प्लसचे शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी आयटीआयमधील संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम हा अधिक जवळचा मार्ग आहे. पुढील विवेचन त्या विद्यार्थ्यांनाही तितकेच लागू पडते, कारण दोन्हीकडे यंत्र तेच आणि बिघाडही तेच.

इतिहासातील तीन प्रयोग

तंत्रविद्या मातृभाषेतून की परभाषेतून, हा वाद नवा नाही. महाराष्ट्राबाहेरील ज्या नगरांत मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्यांपैकीच काही नगरांत या वादाची प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली तेथे रंगकाम, यंत्रकाम अशा विद्या लोकभाषेतून शिकवल्या जात आणि त्यासाठी गुजरातीत पुस्तके तयार करवून घेतली गेली. दादासाहेब फाळके हे याच संस्थेचे विद्यार्थी. पुढे १९३१ मध्ये त्याच संस्थानात 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या संज्ञांचा बहुभाषी कोश सिद्ध झाला, त्यात मराठीही होती. भाषेचा अभिमान आणि व्यवहाराची निकड यांत विरोध असलाच पाहिजे असे त्या राज्यकर्त्याला वाटले नाही.

हैदराबादेत १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. विज्ञान, वैद्यक आणि अभियांत्रिकी हे सारे उर्दूतून शिकवण्याचे धाडस त्या विद्यापीठाने केले. भाषांतराचे स्वतंत्र कार्यालय उभारून हजारो संज्ञा घडवल्या. आणि तरीही इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला. १९४८ नंतर माध्यम बदलले आणि ते भांडार कपाटात गेले. या प्रयोगातून दोन धडे मिळतात. उच्च तंत्रविद्या भारतीय भाषेतून शिकवता येते, हा पहिला. केवळ राजाश्रयावर उभ्या असलेल्या संज्ञा राजाश्रयाबरोबरच जातात, हा दुसरा. शिवाय निजामाच्या राज्यातील मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांच्या दृष्टीने ती उर्दूही शिकूनच घ्यावी लागणारी भाषा होती. शासकाची भाषा आणि मुलाची भाषा यांतील हे अंतर सीमाभागातील वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरा प्रयोग आपल्या बेळगावातला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये येथे सायकलींचे दुकान काढले. अमेरिकन यंत्रविषयक नियतकालिके वाचून त्यांनी विद्या मिळवली, आणि ती फारसे शालेय शिक्षण नसलेल्या माणसांच्या हाती उतरवली. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्याला त्यांनी लोखंडी नांगर विकला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. येथे ज्ञान इंग्रजीतून आले, परंतु शिकवणे, समजावणे आणि विकणे लोकांच्या बोलीत झाले. आजही उद्यमबागेतील कारखान्यांत 'मोल्ड' आणि 'साचा', 'फर्नेस' आणि 'भट्टी' हे शब्द एकाच वाक्यात सुखाने नांदतात. लोखंडाच्या बाबतीत आपण ही वाट चालून आलो आहोत. संगणकाच्या बाबतीत ती सोडण्याचे कारण मला दिसत नाही.

दोन टोके

आज मात्र आपल्या विद्यार्थ्यासमोर दोनच टोके ठेवली जातात. एका टोकाला शिकवणी वर्ग आहे. तेथे इंग्रजी टिपणे वाटली जातात, ती पाठ करवून घेतली जातात, आणि आदल्या परीक्षेतून चोरून आणलेले म्हणून प्रश्नसंचही विकले जातात. असे संच वापरणे हा परीक्षेच्या नियमांचा भंग आहे आणि त्यातून प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. पाठ केलेले वाक्य प्रश्नाची शब्दरचना बदलताच निरुपयोगी ठरते, हे त्याला परीक्षेच्या खोलीत कळते.

दुसऱ्या टोकाला आपल्यातीलच काही शुद्धिवादी मित्र आहेत. प्रत्येक संज्ञेला संस्कृतोद्भव प्रतिशब्द मिळाल्याखेरीज मराठीतून तंत्रशिक्षण होऊच शकत नाही, अशी त्यांची धारणा आहे. शब्दनिर्मितीचे मोल मी कमी लेखत नाही. सावरकरांनी दिलेले महापौर, चित्रपट, दिग्दर्शक हे शब्द आज आपल्या तोंडी सहज येतात. 'संगणक' आणि 'संकेतस्थळ' हेही रुळले. परंतु परीक्षार्थ्याला पडद्यावर 'मदरबोर्ड' हाच शब्द दिसणार आहे आणि सुटा भाग मागवताना दुकानदारही तोच शब्द उच्चारणार आहे. त्याच्यावर आणखी एक अपरिचित शब्द लादल्याने त्याचे ओझे दुप्पट होते आणि आकलन तेवढेच राहते.

मराठी इंग्रजी नामांनी भ्रष्ट होईल ही भीतीही मला पटत नाही. कागद आणि दुकान फारसीच्या वाटेने आले. चावी, पाव आणि बटाटा पोर्तुगीजांकडून आले. मराठीने त्यांना आपल्या विभक्ती लावल्या, आपले लिंग दिले, आणि ते घरचे झाले. 'रॅमची पट्टी खाचेत नीट बसली नाही, म्हणून यंत्र चालू होत नाही,' हे वाक्य संपूर्ण मराठी आहे. त्यातील कारण आणि परिणाम यांचा सांधा मराठीने जोडला आहे. भाषेची सत्ता त्या सांध्यात असते.

ओळखीच्या शब्दांचा चकवा

मराठीतून तयारी करणाऱ्याने एका धोक्यापासून मात्र सावध राहावे. बाजारात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचे बाजारी अर्थ आणि परीक्षेतील अर्थ नेहमी सारखे नसतात.

सर्वात मोठा चकवा 'सीपीयू' या शब्दाचा आहे. आपल्याकडे टेबलाखालच्या संपूर्ण पेटीला सीपीयू म्हणतात. 'सीपीयू दुकानात नेऊन दिला' हे वाक्य आपण रोज ऐकतो. परीक्षेत सीपीयू म्हणजे त्या पेटीतील मदरबोर्डवर बसवलेला, तळहाताहूनही लहान असा प्रक्रियक, म्हणजेच प्रोसेसर. 'सीपीयू तापतो आहे' असा प्रश्न आला तर पेटीवर हात ठेवून पाहणारा विद्यार्थी उत्तर चुकणार. दुसरा शब्द 'मेमरी'. मोबाइलची मेमरी भरली असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला साठवणीची जागा अभिप्रेत असते. परीक्षेत मेमरी म्हणजे बहुधा रॅम. वीज गेली की तिच्यातील सारे पुसले जाते. साठवण वेगळी, ती एसएसडी किंवा हार्ड डिस्कवर असते. तिसरा शब्द 'वायफाय'. घरातील इंटरनेट बंद पडले की आपण 'वायफाय गेले' म्हणतो. वास्तविक वायफाय शाबूत असते आणि बाहेरून येणारी जोडणी तुटलेली असते. चौथा 'पोर्ट'. यंत्राच्या मागची खाच हाही पोर्ट, आणि नेटवर्कवरील सेवेचा क्रमांक हाही पोर्ट. २२, ५३, ८०, ४४३, ३३८९ हे आकडे पाठ करताना विद्यार्थ्याला ही दुसरी कल्पना स्पष्ट नसेल, तर ते त्याला निरर्थक पाढे वाटतात.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक विद्यार्थ्याने एक शब्दवही ठेवावी. तिच्यात चार रकाने असावेत: इंग्रजी संज्ञा तिच्या रोमन वर्णलेखनासह, तिचा अर्थ सांगणारे एक पूर्ण मराठी वाक्य, तो भाग बिघडला तर दिसणारे लक्षण, आणि ग्राहकाला विचारायचा प्रश्न. नुसता प्रतिशब्द लिहू नये. प्रतिशब्द लिहिल्याने समजल्याचा भास होतो. वाक्य लिहिताना समजले की नाही ते उघड होते.

लेझर प्रिंटर मराठीतून

मी म्हणतो ते शक्य आहे की नाही, हे एका उदाहरणावर पाहू. लेझर प्रिंटरची छपाई कोणत्या सात टप्प्यांत होते, हा या परीक्षेच्या अभ्यासातील नेहमीचा भाग. प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्स्पोझिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्यूझिंग, क्लीनिंग, अशी सात नावे विद्यार्थी मंत्राप्रमाणे घोकतो. आता तेच मराठीत सांगतो.

प्रथम संगणकाकडून आलेल्या पानाचे प्रिंटर आपल्या स्मृतीत ठिपक्यांचे चित्र तयार करतो. मग आत फिरणाऱ्या ड्रमच्या पृष्ठभागावर सर्वत्र सारखा ऋण विद्युतभार चढवला जातो. त्यानंतर लेझरचा किरण, जेथे अक्षरे उमटायची आहेत तेवढ्याच जागेवर पडतो आणि तेथील भार कमी करतो. टोनरची भुकटीही ऋणभारित असते. ती भारलेल्या जागेपासून दूर राहते आणि किरणाने स्पर्श केलेल्या जागी चिकटते. आता धनभार दिलेला कागद ड्रमजवळून जातो आणि भुकटी स्वतःकडे ओढून घेतो. या क्षणी अक्षरे कागदावर नुसती टेकलेली असतात. फुंकर मारली तरी विस्कटतील. म्हणून कागद तापलेल्या रुळांमधून जातो. उष्णता आणि दाब यांनी भुकटी वितळून कागदात मुरते. शेवटी ड्रमवर उरलेली भुकटी पात्याने खरवडली जाते, आणि ड्रम पुढच्या पानाला सिद्ध होतो.

एवढे समजलेल्या विद्यार्थ्याला पुढचे प्रश्न कोड्यासारखे सुटतात. छापलेले पान हाताने पुसले जाते आहे? मग भुकटी मुरलेली नाही. दोष तापणाऱ्या रुळांत, म्हणजे फ्यूझरमध्ये आहे. पानावर ठरावीक अंतराने तोच डाग पुन्हा पुन्हा येतो? मग फिरणाऱ्या एखाद्या भागावर ओरखडा आहे. ड्रम किंवा रूळ तपासावा. आधीच्या पानाची पुसट छाया पुढच्या पानावर दिसते? मग ड्रमवरील आधीचे चित्र पूर्ण पुसले जात नाही. सफाई किंवा ड्रम पाहावा. फ्यूझरला हात लावण्यापूर्वी तो थंड का होऊ द्यावा, हेही आता निराळे पाठ करावे लागत नाही. सात इंग्रजी नावे शेवटी लक्षात ठेवायचीच आहेत, परंतु आता त्या नावांमागे एक चालते यंत्र उभे आहे.

'नेट गेले' या वाक्याची उकल

दुसरे उदाहरण नेटवर्कचे. येथे मराठीतील जुने शब्द अनपेक्षितपणे उपयोगी पडतात. 'डिफॉल्ट गेटवे' ही संकल्पना विद्यार्थ्यांना अवघड जाते. मी त्यांना गावाची वेस आठवायला सांगतो. गावातल्या गावात फिरणाऱ्याला वेशीशी काम नसते. परगावी जाणाऱ्याला मात्र वेशीतूनच जावे लागते. वेशीचा पत्ता चुकला तर शेजारच्या यंत्राशी बोलणे चालू राहते आणि इंटरनेट तेवढे बंद पडते. डीएचसीपी म्हणजे नव्याने आलेल्या यंत्राला पत्ता देणारी सेवा. डीएनएस म्हणजे नाव सांगितल्यावर पत्ता सांगणारी सेवा.

आता समजा, एखाद्या पतसंस्थेतून फोन आला, 'सकाळपासून नेट गेलंय.' या परीक्षेच्या अभ्यासात दोषशोधनाची सहा पायऱ्यांची रीत पूर्वापार शिकवली जाते. पहिली पायरी, समस्या नेमकी ओळखणे. तंत्रज्ञ विचारतो: सर्वच टेबलांवर गेले की एकाच? काल काय बदलले? कारकून सांगतो की एकाच टेबलावरचे गेले आहे, आणि काल संध्याकाळी झाडलोट करताना टेबल हलवले होते. दुसरी पायरी, संभाव्य कारणाचा तर्क. आणि तर्क करताना साध्या कारणापासून आरंभ. येथे केबल सैल झाली असावी किंवा दुखावली असावी. तिसरी पायरी, तर्काची तपासणी. यंत्राचा पत्ता पाहिला तर तो १६९.२५४ ने सुरू होतो. पत्ता देणारे कोणी न भेटल्यामुळे यंत्राने स्वतःच स्वतःला दिलेला हा पत्ता. शेजारच्या यंत्रांना योग्य पत्ते मिळत आहेत, तेव्हा पत्ता देणारी सेवा ठीक आहे. दोष या यंत्रापासून स्विचपर्यंतच्या मार्गात आहे. चौथी पायरी, योजना आखून कृती: केबल बदलणे. पाचवी, सारे काम पूर्ववत चालते का हे ग्राहकासमक्ष पाहणे आणि केबल पुन्हा पायात येऊ नये अशी बांधणे. सहावी, काय आढळले आणि काय केले याची नोंद लिहिणे.

या सहा पायऱ्यांत इंग्रजी नामे किती आली ते मोजून पाहावे. ती हाताच्या बोटांवर मावतील. प्रश्न विचारणे, तर्क मांडणे, तो खोटा ठरला तर सोडून देणे, हे सारे मराठीत घडले आणि कोठेही अडले नाही.

प्रश्नाची इंग्रजी वेगळी शिकावी

येथवर जे म्हटले त्याचा अर्थ इंग्रजीकडे दुर्लक्ष करावे असा कोणी घेऊ नये. मराठी माध्यमाच्या मुलाला विषय येतो आणि प्रश्न चुकतो, असे घडते. आणि त्याचे कारण बहुधा तांत्रिक संज्ञा नसते. कारण असते 'फर्स्ट', 'नेक्स्ट', 'बेस्ट', 'मोस्ट लाइकली' यांसारखे साधे शब्द. चारही पर्याय खरे असू शकतात. प्रश्न असतो, सर्वात आधी काय कराल? चारही कारणे संभवतात. प्रश्न असतो, बहुधा कोणते? हे शब्द परीक्षेत अनेकदा मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, तरी घाईत नजरेतून सुटतात.

म्हणून प्रश्न वाचताच त्याचा कणा मराठीत मनात मांडावा: बिघाड कोणाचा, आतापर्यंत काय करून झाले, आणि मला नेमके काय विचारले आहे. यासाठी काही सेकंद लागतात, आणि सराव झाल्यावर तेही लागत नाहीत. ९० मिनिटांत ९० प्रश्न म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, हे गणित ध्यानात ठेवून शेवटचे तीन-चार आठवडे पूर्ण सराव इंग्रजीतूनच आणि घड्याळ लावून करावा. पडद्यावर प्रत्यक्ष कृती करून दाखवायचे प्रश्न बहुधा आरंभीच येतात आणि वेळ खातात. ते खूण करून बाजूला ठेवावेत आणि शेवटी सोडवावेत.

ग्राहकाशी बोलण्याची परीक्षा

या परीक्षेतील एका भागाकडे शिकवणी वर्ग पाहतही नाहीत, आणि माझ्या दृष्टीने भाषेच्या अभ्यासकाने सर्वाधिक लक्ष द्यावे असा तोच भाग आहे. दुसऱ्या पेपरातील कामकाजाच्या रीतीत ग्राहकाशी कसे बोलावे हे तपासले जाते. तांत्रिक परिभाषा आणि आद्याक्षरे ग्राहकासमोर टाळावीत. त्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकावे. त्याच्याशी वाद घालू नये, त्याची अडचण क्षुल्लक लेखू नये. समजले ते त्याला पुन्हा सांगून खात्री करून घ्यावी. त्याच्या संस्कृतीचा मान ठेवावा, योग्य तेथे त्याच्या उपाधीने संबोधावे. अमेरिकेत तयार झालेली ही परीक्षा तंत्रज्ञाला सांगते की ग्राहकाला समजेल अशा भाषेत बोल.

बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार येथील ग्राहकाला कोणती भाषा समजते? निवृत्त शिक्षकाला 'आपण' म्हणून, दुकानदाराला 'शेठ' म्हणून, शेजारच्या वृद्धेला 'आजी' म्हणून संबोधत, 'तुमचे फोटो सुरक्षित आहेत, फक्त पेटीतला वीज देणारा भाग गेलाय' असे सांगू शकणारा तंत्रज्ञ त्या परीक्षेच्या कसोटीला उतरतो. सारे शिक्षण इंग्रजी घोकंपट्टीतून झालेला मुलगा येथे अडखळतो. त्याला स्वतःचेच ज्ञान स्वतःच्या आजीला सांगता येत नाही.

या न्यायाने आणखी एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायला हवी. सीमाभागातील मराठी तंत्रज्ञाला कन्नडही चांगले यायला हवे. आपला विरोध सक्तीला आहे. शेजाऱ्याच्या भाषेला नाही. ग्राहकाशी त्याच्या भाषेत बोलण्याचा जो आग्रह आपण कार्यालयांकडे धरतो, तो आपल्या दुकानाच्या उंबरठ्यावर आपणही पाळला पाहिजे.

आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की मराठीत समजून इंग्रजीत उत्तर देणे म्हणजे दुप्पट श्रम. श्रम अधिक आहेत हे मान्य. परंतु त्या अधिकच्या श्रमालाच समजणे म्हणतात. एका भाषेत ऐकलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगता आली की ती आपली होते. इंग्रजी माध्यमातील मुलालाही हे श्रम चुकत नाहीत. पुस्तकी वाक्यापासून प्रत्यक्ष यंत्रापर्यंतचा प्रवास त्यालाही करावाच लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रमाणपत्र मिळाले तरी नोकरी कोठे आहे? प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. लहान गावातील दुकानदार प्रमाणपत्रापेक्षा हात पाहतो. परंतु पुणे, गोवा किंवा हैदराबाद येथील कंपन्यांच्या मदतकक्षांत अर्ज करताना असे प्रमाणपत्र अनोळखी मुलाची पहिली ओळख बनते. ज्याचा शुल्क भरण्यासाठी कर्ज काढण्याचा विचार असेल, त्याने आधी आयटीआयची वाट चोखाळावी, दुकानात वर्षभर काम करावे, आणि मग परीक्षेला बसावे.

आपण काय करू शकतो

आपल्या नगरांत वाचनालये आहेत. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय, इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदा येथील मराठी मंडळे यांच्या वास्तू आणि वाचनकक्ष पिढ्यांनी जपले आहेत. व्याख्यानमाला आणि दिवाळी अंकांची प्रदर्शने तेथे होतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी एखाद्या टेबलाभोवती पाच-सहा मुलांचे अभ्यासमंडळ बसायला काय हरकत आहे? त्यासाठी भंगारात निघालेली दोन जुनी यंत्रे, एक पेचकसांचा संच, एक स्विच आणि काही केबली एवढे साहित्य पुरेसे आहे. प्रोफेसर मेसर या नावाने प्रसिद्ध असलेली इंग्रजी चित्रफितींची माला विनामूल्य पाहता येते. एकाने ती पाहून यावे आणि दुसऱ्या दिवशी इतरांना मराठीत समजावून सांगावे. पाळी रोज बदलावी. गावातील एखादा अनुभवी दुरुस्तीवाला आठवड्यातून एक तास आला, तर शिक्षकाचीही उणीव भासणार नाही.

चार महिन्यांची आखणी अशी करता येईल. पहिले सहा आठवडे पहिल्या भागाचा अभ्यास आणि यंत्र रोज एकदा सुटे करून पुन्हा जोडणे. पुढचे सहा आठवडे दुसरा भाग, आणि त्यात ग्राहकाशी बोलण्याचा सराव एकाने ग्राहक व दुसऱ्याने तंत्रज्ञ होऊन. उरलेले चार आठवडे घड्याळ लावून इंग्रजी सराव. चार महिन्यांच्या शेवटी सर्वांच्या शब्दवह्या एकत्र केल्या की पुढच्या तुकडीसाठी मराठी टिपणांचे पुस्तक आपोआप तयार होते. असे पुस्तक कोणी अनुदान देईल म्हणून वाट पाहण्याची गरज नाही. अशा वह्यांतून घडलेली परिभाषा वापरातून आलेली असल्यामुळे टिकेलही.

मराठी शाळा वाचवण्याच्या मोर्चात मी पुढेही चालणारच आहे. परंतु मुलाचे नाव शाळेत घालताना कचरणाऱ्या पालकाला मोर्च्याचे छायाचित्र दाखवून उपयोग होत नाही. त्याच्याच गल्लीतील, मराठी शाळेतून दहावी झालेला मुलगा परीक्षा उत्तीर्ण होऊन पतसंस्थेतील यंत्र दुरुस्त करतो आहे, आणि काय बिघडले होते ते कारकुनाला मराठीत समजावून सांगतो आहे, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. येत्या जूनपासून आपापल्या वाचनालयाच्या चालकांना भेटून एक टेबल आणि तीन संध्याकाळी मागून घ्याव्यात, एवढीच वाचकांना विनंती आहे.